दूरनियंत्रित हेलिकॉप्टर उडविण्याचे तंत्र : फवारणी ड्रोनच्या चालकासाठी पहिला धडा



ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशी छातीइतकी वाढते, ओळी एकमेकींत मिसळतात आणि त्याच वेळी फवारणीची गरज सर्वांत जास्त असते. अशा दाट पिकातून पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या अंगावर, तोंडावर आणि श्वासातून औषध जाते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना आपण विसरलेलो नाही. फवारणारा माणूस फवाऱ्यापासून दूर ठेवणे हा ड्रोनचा सर्वांत मोठा फायदा आहे. वेळेची बचत त्याच्यानंतर येते.

परंतु ड्रोन आला म्हणजे फवारणी सुरक्षित झाली, असे समजणे चुकीचे आहे. पाठीवरील पंपाने हेक्टरी ५०० लिटर पाण्यातून जे औषध आपण देतो, तेच औषध ड्रोनने सुमारे २५ लिटर पाण्यातून दिले जाते. म्हणजेच टाकीतील द्रावण २० पट तीव्र असते. असे द्रावण घेऊन उडणारे यंत्र ज्याच्या हाती आहे, त्याचा हात स्थिर असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. हा हात तयार करण्याचा स्वस्त व चांगला मार्ग म्हणजे लहान दूरनियंत्रित हेलिकॉप्टर उडवायला शिकणे. सदर लेखात हे हेलिकॉप्टर कसे चालते, ते टप्प्याटप्प्याने कसे शिकावे आणि या शिक्षणाचा फवारणीत कसा उपयोग होतो, याची माहिती दिली आहे.

शेतीतील हेलिकॉप्टरची पार्श्वभूमी

मानवरहित हेलिकॉप्टरचा शेतीत खऱ्या अर्थाने वापर प्रथम जपानमध्ये झाला. तेथे १९५८ पासून भातावर मोठ्या, माणूस बसणाऱ्या हेलिकॉप्टरने फवारणी होत असे. परंतु तेथील खाचरे लहान, घरे शेताला लागून आणि शेतकरी उतारवयाचे. मोठ्या हेलिकॉप्टरचा फवारा शेजाऱ्याच्या अंगणात जाई. म्हणून जमिनीवरून रिमोटने चालविता येईल असे हेलिकॉप्टर तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९८७ साली यामाहा कंपनीचे आर-५० हे सुमारे २० किलो वजन उचलणारे हेलिकॉप्टर बाजारात आले. १९९५ मध्ये त्यास स्वतःचा तोल सांभाळणारी यंत्रणा जोडली गेली आणि १९९७ मध्ये आरमॅक्स हे सुधारित हेलिकॉप्टर आले. त्याच्या मुख्य पंख्याचा व्यास सुमारे ३.१ मीटर असून त्यास २४६ घन सें.मी. क्षमतेचे पेट्रोल इंजिन बसविलेले होते. २०१५ मध्ये अमेरिकेनेही त्याच्या वापरास परवानगी दिली. तेथे कॅलिफोर्नियातील द्राक्षबागांत त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या.

जपानच्या अनुभवातून आपण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, तेथे हेलिकॉप्टर चालविणाऱ्यास प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागे. दुसरी, फवारणी एकट्याने केली जात नसे. एक चालक बांधावर उभा राही आणि दुसरा इशारा देणारा माणूस शेताच्या पलीकडच्या टोकाला. लांब गेलेले यंत्र बांधापासून किती अंतरावर आहे, हे चालकाला नीट दिसत नाही. पलीकडच्या माणसाला दिसते. आपल्याकडे मात्र एकच माणूस ड्रोन चालवितो, औषध मिसळतो आणि बॅटरीही बदलतो. ही पद्धत बदलली पाहिजे.

हेलिकॉप्टर कसे उडते?

शिकण्यापूर्वी यंत्राचे काम समजून घ्यावे. त्यात तीन भाग महत्त्वाचे आहेत.

१) मुख्य पंखा : वरच्या पंख्याची पाती फिरताना हवा खाली ढकलतात आणि यंत्र वर उचलले जाते. पात्यांचा तिरपेपणा वाढविला की उचल वाढते, कमी केला की यंत्र खाली येते. चांगल्या प्रतीच्या नमुना हेलिकॉप्टरमध्ये पंख्याचा वेग जवळजवळ कायम राहतो व फक्त तिरपेपणा बदलतो. त्यामुळे ते हाताला लगेच प्रतिसाद देते.

२) झुकणारी तबकडी : पंख्याच्या दांड्यावर स्वॉशप्लेट नावाची तबकडी असते. ती झुकली की फेरीच्या एका भागात पात्याचा तिरपेपणा वाढतो व समोरच्या भागात कमी होतो. त्यामुळे फिरणाऱ्या पंख्याची संपूर्ण चकती त्या दिशेला कलते आणि हेलिकॉप्टर तिकडे सरकू लागते. पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे जाणे या तबकडीमुळेच घडते.

३) शेपटीचा पंखा : बोअरमध्ये सोडलेला सबमर्सिबल पंप सुरू होताना पाइपाला उलट पीळ बसतो, हे आपण पाहिले आहे. तसेच येथे घडते. मोटर मुख्य पंखा एका दिशेने फिरविते, तेव्हा हेलिकॉप्टरचे अंग उलट दिशेने फिरू पाहते. हा पीळ शेपटीचा छोटा पंखा अडवितो. त्याच्या मदतीला जायरो नावाचे उपकरण असते. शेपटी आपोआप वळू लागली की ते क्षणात दुरुस्ती करते.

फवारणीच्या ड्रोनमध्ये चार, सहा किंवा आठ पंखे असतात. निम्मे पंखे एका दिशेने व निम्मे उलट दिशेने फिरतात, म्हणून शेपटीची गरज राहत नाही. पात्यांचा तिरपेपणा कायम असतो. प्रत्येक मोटरचा वेग कमीजास्त करून ड्रोन वळविला जातो. यंत्र वेगळे असले तरी चालकाच्या हातातील दांड्यांचे काम दोन्हींत सारखेच असते.

रिमोटच्या दोन दांड्या

आपल्याकडे साधारणपणे 'मोड दोन' पद्धतीचा रिमोट वापरतात. त्यातील हालचाली पुढीलप्रमाणे असतात.

१) डावी दांडी वर-खाली : यंत्र वर जाणे व खाली येणे.
२) डावी दांडी डावीकडे-उजवीकडे : यंत्राचे नाक त्या बाजूला वळणे.
३) उजवी दांडी वर-खाली : यंत्र पुढे व मागे जाणे.
४) उजवी दांडी डावीकडे-उजवीकडे : यंत्र त्या बाजूला सरकणे.

जपानमध्ये 'मोड एक' जास्त प्रचलित आहे. त्यात वर-खाली जाण्याचे काम उजव्या दांडीवर आणि पुढे-मागे जाण्याचे डाव्या दांडीवर असते. ज्या मोडवर प्रशिक्षण घेणार, त्याच मोडवर सुरुवातीपासून सराव करावा. एकदा बसलेली बोटांची सवय सहज सुटत नाही.

येथे एक फरक लक्षात ठेवावा. नमुना हेलिकॉप्टरची डावी दांडी सोडली तरी ती आहे तेथेच राहते, आणि पूर्ण खाली ओढली की यंत्र खाली पडते. फवारणी ड्रोनची डावी दांडी स्प्रिंगमुळे मध्यावर येते आणि ड्रोन त्याच उंचीवर थांबतो.

एका जागी स्थिर ठेवणे हेच अवघड

पुढे उडविण्यापेक्षा एका जागी हवेत थांबविणे अवघड असते, हे नव्या माणसाला पटत नाही. पालथ्या परातीवर लिंबू ठेवून पाहा. ते कोणत्या तरी बाजूला घरंगळणारच. स्थिर थांबलेले हेलिकॉप्टर तसेच असते. ते सरकू लागल्यावर दांडी दिली आणि ते थांबेपर्यंत धरून ठेवली, तर ते उलट बाजूला धावत सुटते. म्हणून थोडीशी दांडी द्यावी, लगेच मध्यावर आणावी आणि पुन्हा पाहावे. शिकाऊ चालकाच्या बहुतेक चुका जास्त दांडी देण्याच्या असतात.

जमिनीच्या अगदी जवळ, म्हणजे पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीच्या आत, खाली दाबलेल्या हवेची गादी तयार होते. या गादीवर यंत्र कमी शक्तीत तरंगते, परंतु डोलते व घसरते. त्यामुळे भीतीपोटी वीतभर उंचीवर सराव करणाऱ्यास तो अधिक कठीण जातो. पहिले काही दिवस गेल्यावर एक ते दीड मीटर उंचीवर सराव करावा.

नाक आपल्याकडे आले की हात चुकतो

यंत्राची शेपटी आपल्याकडे असताना डावे ते डावे व उजवे ते उजवे असते. नाक आपल्याकडे आले की सर्व उलटे होते. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते; पहिल्या दिवशी ट्रॉली नको तिकडेच वळते, पण सरावाने हात आपोआप फिरतो. येथेही तसेच आहे.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी स्वतः ही चूक केली. चार महिने पैसे साठवून घेतलेले हेलिकॉप्टर शेपटी माझ्याकडे ठेवून मी व्यवस्थित थांबवीत होतो, म्हणून आता आपल्याला येते असे वाटले. वाऱ्याच्या झोताने ते फिरले आणि नाक माझ्याकडे आले. ते माझ्या डावीकडे, तुरीच्या ओळींकडे सरकू लागले म्हणून मी उजवी दांडी दिली. ते आणखी वेगाने डावीकडे गेले. मी आणखी उजवीकडे दांडी दाबली. दोन सेकंदांत पाती तुरीत अडकून मोडली व मुख्य दांडा वाकला. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. पंचवीस किलोच्या ड्रोनबाबत आणि समोर तुरीऐवजी माणूस असताना हीच चूक झाली असती तर काय झाले असते, हा विचार तेव्हापासून मनातून गेला नाही.

यावर एक सोपा नियम आहे. नाक आपल्याकडे असताना यंत्र ज्या बाजूला पडू पाहते, त्याच बाजूला उजवी दांडी द्यावी. जणू कलणाऱ्या मांडवाला त्या बाजूने टेकू देत आहोत. तसेच वळविताना शेपटीकडे न पाहता नेहमी नाकाकडे पाहावे.

शिकण्याचे टप्पे

पुढील क्रम सोडू नये. प्रत्येक टप्पा सलग तीन दिवस न चुकता जमल्याशिवाय पुढे जाऊ नये.

१) संगणकावरील सराव : सिम्युलेटर नावाच्या संगणक कार्यक्रमावर रिमोट जोडून उडविण्याचा सराव करता येतो. येथे शंभर वेळा पडले तरी खर्च शून्य. रोज अर्धा तास याप्रमाणे तीन ते चार आठवडे सराव करावा. नाक आपल्याकडे ठेवून थांबविणे हा धडा येथेच गिरवावा.

२) दुहेरी पंख्याचे लहान हेलिकॉप्टर : एकावर एक असे दोन पंखे उलट दिशांनी फिरणारे खेळण्यासारखे हेलिकॉप्टर मिळते. त्यात पीळ आपोआप नाहीसा होतो व ते बरेच स्थिर असते. रिकाम्या गोदामात किंवा बंद सभागृहात, पंखे बंद ठेवून ते उडवावे. बोटांना दांड्यांची ओळख होण्यास ते उपयोगी पडते.

३) जमिनीवर घसरविणे : एका मुख्य पंख्याच्या हेलिकॉप्टरला खाली फुलीच्या आकारात हलक्या काड्या व टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू बांधावेत. यामुळे ते कलंडत नाही. यंत्र जेमतेम हलके होईल इतकीच शक्ती देऊन सपाट जागेवर सरकवावे व नाक सरळ ठेवण्याचा सराव करावा.

४) शेपटी आपल्याकडे ठेवून थांबविणे : जमिनीवर चुन्याने दोन मीटरचा चौकोन आखावा व एक मिनिट यंत्र त्यावर राखावे.

५) बाजू आपल्याकडे ठेवून थांबविणे : आधी डावी, नंतर उजवी बाजू. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. तिचा दुप्पट सराव करावा.

६) नाक आपल्याकडे ठेवून थांबविणे : उंची थोडी जास्त, सुमारे तीन मीटर ठेवावी, म्हणजे चूक सुधारण्यास वेळ मिळतो.

७) चौकोन, वर्तुळ व इंग्रजी आठचा आकडा : आठच्या आकड्यात डावी-उजवी दोन्ही वळणे व सर्व बाजू येतात. तो एकाच उंचीवर व एकाच वेगाने दहा वेळा जमला की हात तयार झाला असे समजावे.

८) पाभरीची रेघ : दोऱ्या ताणून चार-चार मीटरवर ओळी आखाव्यात व त्यांवरून एका वेगाने जाणे-येणे करावे. पाभर धरताना तास वाकडे गेले तर उगवण झाल्यावर सर्व गावाला दिसते. फवारणीचे तास मात्र वाकडे गेले तरी लगेच दिसत नाही. पीक पिवळे पडल्यावर किंवा कीड राहून गेल्यावर कळते. म्हणून हा सराव अधिक काटेकोर करावा.

सराव सकाळी वारा पडलेला असताना करावा. एका बॅटरीवर लहान हेलिकॉप्टर साधारण पाच ते आठ मिनिटे उडते. दिवसातून तीन-चार बॅटऱ्या पुरेत. थकल्यावर उडवू नये.

सुरक्षिततेची काळजी

हेलिकॉप्टर लहान असले तरी ते खेळणे नव्हे. सत्तर सें.मी. व्यासाचा पंखा मिनिटाला २,५०० फेरे घेतो, तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० कि.मी. पेक्षा जास्त असतो. २०१३ साली न्यूयॉर्क शहरात या छंदात मुरलेला एक तरुण स्वतःच्याच हेलिकॉप्टरची पाती लागून मरण पावला. म्हणून पुढील काळजी घ्यावी.

१) उडविताना यंत्रापासून किमान आठ ते दहा मीटर दूर उभे राहावे. मुले, जनावरे व बघे यांना याहून बरेच दूर, चालकाच्या मागे ठेवावे.
२) सुरू करताना आधी रिमोट व मग यंत्र, बंद करताना आधी यंत्र व मग रिमोट, हा क्रम कधीही मोडू नये.
३) मोटर तोडणारी कळ कोठे आहे, हे न पाहता बोटाला कळले पाहिजे. यंत्र हातातून सुटते आहे असे वाटताच ती दाबावी. यंत्र मोडेल, माणूस वाचेल. ही कळ नमुना हेलिकॉप्टरसाठी आहे; ड्रोनबाबत प्रशिक्षकाने सांगितलेली पद्धत पाळावी.
४) प्रत्येक उड्डाणापूर्वी पाती, स्क्रू व सांधे हाताने तपासावेत. तडा गेलेले पाते चिकटवून वापरू नये.
५) लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३.५ व्होल्टच्या आसपास आल्यावर उतरावे. अनेक दिवस ठेवायची असल्यास सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती वापरू नये. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा झोपण्याच्या खोलीत बॅटरी भारित करू नये व भारित होत असताना सोडून जाऊ नये.
६) विजेच्या तारांखाली किंवा जवळ उडवू नये. तार दुरून दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून आधी शेत पायी फिरून खांब मोजावेत व तार कोठून कोठे गेली आहे हे पाहून ठेवावे.

चालकाचा हात म्हणजेच औषधाची मात्रा

आता हे सर्व फवारणीशी कसे जोडलेले आहे ते पाहू. हेक्टरी किती द्रावण पडते, याचे सूत्र सोपे आहे.

हेक्टरी लिटर = (नोझलमधून मिनिटाला पडणारे लिटर × ६००) ÷ (पट्ट्याची रुंदी मीटर × वेग ताशी कि.मी.)

उदा. सर्व नोझल मिळून मिनिटाला ३ लिटर, पट्टा ४ मीटर व वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ कि.मी. असेल, तर १,८०० ÷ ७२ = २५ लिटर प्रति हेक्टर. या वेगाने एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौ.मी. क्षेत्र, वळणे सोडून, २०० सेकंदांत होते.

आता चालकाचा हात डगमगला व वेग सेकंदाला ४ मीटरवर आला, तर हेच प्रमाण ३१ लिटरवर जाते, म्हणजे औषध सव्वापट पडते. वेग निम्मा झाला तर औषध दुप्पट पडते. ड्रोन गोंधळून एका जागी १० सेकंद थांबला व नोझल चालूच राहिले, तर अर्धा लिटर द्रावण साधारण ८ चौ.मी. जागेवर सांडते. तेथे खरे तर २० मि.ली. पडायला हवे होते. म्हणजे २५ पट औषध! ते पीक करपणारच. म्हणून ड्रोन थांबला की बोटाने आधी फवारा बंद करावा आणि मग काय झाले ते पाहावे.

उंचीचेही तसेच आहे. पिकाच्या शेंड्यापासून साधारण दोन ते तीन मीटर उंचीवरून फवारल्यास पंख्याची खाली येणारी हवा पाने हलविते व थेंब आतपर्यंत पोहोचतात. उंची वाढली की ही हवा विखुरते आणि बारीक थेंब वाऱ्याबरोबर शेजारी जातात. शेजारी तुतीची बाग असेल तर रेशीम अळ्या मरतात. तणनाशक २,४-डी असेल तर शेजारची कपाशी किंवा द्राक्षबाग वेडीवाकडी होते. पीक फुलावर असताना मधमाश्या दगावतात. शेजाऱ्याचे नुकसान भरून देता येईल, पण बांधावरचे बोलणे बंद होते ते वर्षानुवर्षे. वाऱ्याचा वेग ताशी १० कि.मी. पेक्षा जास्त असल्यास फवारणी थांबवावी.

पट्टा खरोखर किती रुंद पडतो व थेंब सारखे पडतात का, हे पाहण्यासाठी टाकीत साधे पाणी घेऊन त्यात कपड्यांची नीळ विरघळवावी. ओळीच्या आडवे, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर पांढरे कागद ठेवून वरून एकदा ड्रोन न्यावा. कागदावरील ठिपके पाहून पट्ट्याची खरी रुंदी ठरवावी. औषध टाकीत घालण्यापूर्वी हा प्रयोग प्रत्येक चालकाने करावाच.

ड्रोन आपोआप उडतो, मग हाताने कशाला शिकायचे?

हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. आजचा ड्रोन उपग्रहाच्या आधारे आखलेल्या रेषेवर आपोआप उडतो, हे खरे आहे. परंतु उच्च दाबाच्या तारा, लोखंडी पत्र्याचे शेड किंवा दाट झाडी जवळ असल्यास उपग्रहाचा संकेत किंवा ड्रोनचा होकायंत्र बिघडू शकतो. तेव्हा ड्रोन आपली जागा धरून ठेवीत नाही. तो फक्त तोल सांभाळतो आणि वाऱ्याबरोबर वाहत जातो.

असा प्रसंग मी एका गावातील प्रात्यक्षिकात पाहिला. पत्र्याच्या शेडजवळ ड्रोन अचानक शेजारच्या शेताकडे वाहू लागला. नाक आमच्याकडे होते. चालविणारी बचत गटातील ताई होती. तिने प्रथम फवारा बंद केला, थोडी उंची घेतली, नाक फिरवून शेपटी आपल्याकडे केली आणि मग शांतपणे ड्रोन परत आणून उतरविला. सर्व मिळून अर्धे मिनिट लागले. नंतर विचारले तेव्हा तिने सांगितले की, प्रशिक्षणानंतर दोन महिने ती रोज संध्याकाळी मुलाच्या लहान हेलिकॉप्टरवर हात बसवीत होती.

'आपोआप घरी परत' ही सोयही डोळे झाकून वापरू नये. परत येण्याची उंची बांधावरील सर्वांत उंच झाडापेक्षा व खांबापेक्षा जास्त ठरविलेली नसेल, तर ड्रोन सरळ त्यावरच येऊन आदळतो.

कायदेशीर बाबी

ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार वजनाप्रमाणे ड्रोनचे वर्ग ठरविले आहेत : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम व त्यावर मोठा. नॅनो ड्रोनसाठी आणि मायक्रो ड्रोनच्या बिगर-व्यावसायिक वापरासाठी चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. फवारणीचे १० लिटरचे ड्रोन लहान किंवा मध्यम वर्गात येतात व त्यांना ते लागते. त्यासाठी वय १८ ते ६५ वर्षे, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त केंद्रातील प्रशिक्षण आवश्यक आहे. विमानतळाजवळील व लाल किंवा पिवळ्या क्षेत्रातील निर्बंध लहान हेलिकॉप्टरलाही लागू होतात, म्हणून आपल्या गावाचे क्षेत्र नकाशावर पाहून घ्यावे. नियमांत वेळोवेळी बदल होतात. अद्ययावत माहिती प्रशिक्षण केंद्रातून घ्यावी.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाच्या कृषी मंत्रालयाने ड्रोनद्वारे फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांच्या सदस्यांसाठी १५ दिवसांचे प्रशिक्षण ठेवले आहे. त्यातील पाच दिवस ड्रोन चालविण्याचे व दहा दिवस शेतीतील वापराचे आहेत. पाच दिवसांत प्रमाणपत्र मिळते, पण हात बसण्यास त्यापूर्वीचा व नंतरचा सराव लागतो, हे ध्यानात ठेवावे.

औषध मिसळणाऱ्याचीही काळजी

ड्रोनमुळे चालक फवाऱ्यापासून दूर राहतो. परंतु टाकी भरणारा माणूस २० पट तीव्र द्रावण हाताळतो. त्याने हातमोजे, चष्मा, मुखपट्टी, पूर्ण बाह्यांचा अंगरखा व बूट वापरावेत. ड्रोनने फवारण्यास मान्यता असलेलेच औषध वापरावे. हेक्टरी मात्रा लेबलप्रमाणेच ठेवावी. पाणी कमी म्हणून औषध कमी किंवा जास्त करू नये. चालक व मिसळणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात आणि तिसरी व्यक्ती जपानी पद्धतीप्रमाणे पलीकडच्या बांधावर उभी करावी. पंखे पूर्ण थांबल्याशिवाय कोणीही ड्रोनजवळ जाऊ नये.

थोडक्यात

फवारणी ड्रोनची किंमत काही लाख रुपये असते आणि त्याच्या टाकीतील द्रावण माणसाच्या व पिकाच्या जिवाशी खेळणारे असते. त्यामानाने लहान हेलिकॉप्टर व संगणकावरील सराव अतिशय स्वस्त आहे. ज्या गावात गट शेती, शेतकरी कंपनी किंवा बचत गट ड्रोन घेण्याचा विचार करीत आहे, तेथे आधी एक लहान हेलिकॉप्टर घेऊन दोन-तीन तरुण-तरुणींना उन्हाळ्यातील मोकळ्या रानात तीन महिने सराव करू द्यावा. ज्याला आठचा आकडा दहा वेळा काढता येईल, त्यालाच प्रशिक्षणाला पाठवावे. बैलजोडी विकत घेण्यापूर्वी आपण ती हाकून पाहतो. येथे जोडीपेक्षा हाकणाऱ्याची परीक्षा आधी घ्यावी, म्हणजे खरिपात कपाशी छातीला लागेल तेव्हा यंत्र, पीक आणि माणूस तिन्ही सुरक्षित राहतील.